सोनाराच्या वहीतली रेघ

जॉर्जो वाझारी स्वतः चित्रकार होता, पण आज लोक त्याला ओळखतात ते इटलीतल्या चित्रकारांची चरित्रं लिहिणारा म्हणून. १५६८ साली त्या चरित्रांची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. तिच्यात त्यानं ठासून सांगितलं की, तांब्यावर चित्र कोरून ते कागदावर छापायची विद्या फ्लॉरेन्सच्या मासो फिनिग्वेरा या सोनारानं १४६० च्या सुमारास शोधली. मागाहून आलेल्यांचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी गोष्ट जोडली : मासोच्या दुकानात कोणी धुणंवाली आली, ओल्या कपड्यांचं गाठोडं तिनं नेमकं त्याच्या कोरलेल्या पत्र्यावर टेकवलं, आणि उचलून बघते तर कपड्यावर चित्र उमटलेलं!

ही धुणंवाली मला कधी पटली नाही. मी नायगावातल्या सोनाराच्या घरात वाढलो. पुढं ऐरणीवर न बसता शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो, ते वेगळं. आमचे आप्पा कुंकवाच्या करंड्याच्या झाकणावर किंवा पानाच्या डब्यावर वेलबुट्टी कोरायचे. काम हातावेगळं करायच्या आधी ते कोरलेल्या रेघांत तेलात कालवलेली काजळी चोळायचे, वरचा पत्रा फडक्यानं लख्ख पुसायचे आणि त्यावर वहीचं दमट पान ठेवून अंगठ्यानं दाबायचे. पान उचललं की वेलबुट्टी उलटी उमटलेली असायची. ती वही गल्ल्यात असे. "बघून ठिव, परत लागंल," म्हणायचे. सहा महिन्यांनी त्याच घरातली दुसरी सून तसाच करंडा मागायला आली तर नक्षी सापडली पाहिजे, एवढाच त्या वहीचा उपयोग. मासोच्या दुकानातही असंच चालत असणार. कोरणाऱ्याला आपलं काम काळं-पांढरं करून बघावंच लागतं. त्यासाठी गाठोड्याची गरज नाही.

खरं कोडं पुढचं आहे. वहीतल्या खुणेपुरती असलेली ही छाप एक दिवस चित्र कशी झाली? माणसानं तिच्यावर सही करावी, तिच्यासाठी भांडावं, ती चोरीला जावी, चार गावांपलीकडच्या चित्रकारानं ती समोर ठेवून गिरवावी, इतकी किंमत तिला कशी आली? इटलीत हे साधारण साठ वर्षांत घडलं, आणि ते ज्यांनी घडवलं त्यांतले बरेचसे सोनारच होते.

आधी वाझारीचं श्रेय थोडं कापून घेऊ. तांब्यावर कोरून छापलेलं आणि साल घातलेलं सर्वांत जुनं चित्र १४४६ चं आहे आणि ते जर्मन मुलखातलं आहे. पत्त्यांच्या चित्रांवरून ज्याला 'पत्त्यांचा उस्ताद' म्हणतात, तो बिननावाचा कारागीर तर त्याच्याही थोडा आधीचा. म्हणजे मासोच्या नावावर लावलेल्या १४६० सालाच्या आधी ऱ्हाइन नदीच्या काठचे सोनार हे काम करतच होते. वाझारी पडला फ्लॉरेन्सचा भक्त. जगातली प्रत्येक चांगली गोष्ट आपल्याच गावात सुरू झाली, असं त्याला मनापासून वाटायचं. मासो मात्र खरा माणूस आहे. जन्म १४२६, मृत्यू १४६४. चांदीवर काळी नक्षी भरण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, अशी साक्ष बेन्वेनुतो चेल्लिनी देतो, आणि चेल्लिनी सहजासहजी दुसऱ्याची तारीफ करणारा सोनार नव्हता.

ही काळी नक्षी समजून घ्यायला आम्हा नांदेड-लातूरच्या लोकांना लांब जावं लागत नाही. नरसी, देगलूर, औराद अशा वाटेनं बिदर गाठायचं. बिदरीचा कारागीर जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततो, मोरचुदाच्या पाण्यानं ते तात्पुरतं काळं करतो, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ डोळ्यांना दिसते. मग पोलादी कलमानं नक्षी खोदायची, त्या खोबणीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागरात कालवून तापल्या भांड्यावर चोळायची. जस्त कायमचं काळं पडतं, चांदीला काही होत नाही. काळ्यावर पांढरं. इटलीतल्या 'निएलो' कामात हेच उलट्या बाजूनं चाले : चांदीचा पत्रा कोरायचा आणि खोबणीत काळं भरायचं. चेल्लिनीनं त्याचं प्रमाण लिहून ठेवलंय : एक भाग चांदी, दोन भाग तांबं, तीन भाग शिसं आणि वर गंधक. हा रस खोबणीत वितळवून घासला की पांढऱ्यावर काळं चित्र तयार. एकदा काळं भरलं की दुरुस्ती बंद. म्हणून भरण्याआधी पत्र्याचा साचा घेऊन त्यात वितळलेलं गंधक ओतायचं, त्यावर काजळी चोळायची आणि काम कसं दिसेल ते बघून घ्यायचं, अशी चाल होती. असे गंधकाचे ठसे आजही युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. गंधकाऐवजी कागद वापरला की झाली आप्पांची वही.

कोरायचं अवजार दोन्हीकडे जवळपास एकच. युरोपात त्याला बुरिन म्हणतात. चौकोनी पोलादी सळई, टोक तिरकं घासलेलं, मागं भुईछत्रीसारखी लाकडी मूठ, जी तळहातात बरोबर रुतते. बिदरीवाला कलमावर हातोडी मारतो, बुरिन मात्र तळहातानं पुढं रेटतात. तांब्याचा बारीक कीस वेटोळं होत वर येतो आणि मागं स्वच्छ चर पडते. वळण घ्यायचं असेल तर हात वळवायचा नाही. पत्रा वाळू भरलेल्या कातडी गादीवर असतो, तो डाव्या हातानं फिरवायचा. ही गोष्ट मुलांना सांगितली की त्यांना आधी खोटी वाटते. पेन्सिलीची सवय झालेल्या हाताला कागद फिरवायचं सुचत नाही. पण बुरिनची रेघ इतकी ताठ आणि डौलदार का दिसते, त्याचं उत्तर याच फिरत्या पत्र्यात आहे. जोर वाढवला की रेघ जाड होते, सोडला की सुईच्या टोकासारखी निमुळती होऊन संपते.

मग छपाई. काजळीसारखा काळा रंग आणि आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाचं आटवलेलं तेल, यांची घट्ट शाई. पत्रा जरा गरम करून ती सगळीकडे चोपडायची, म्हणजे चरांत उतरते. मग फडक्यानं, शेवटी नुसत्या तळहातानं, वरचा पत्रा पुसून काढायचा. चरांत शाई राहते. त्यावर ओला केलेला कागद, वर लोकरीचं कापड, आणि दोन रुळांमधून दाब. मऊ झालेला कागद चरांत शिरतो आणि तिथली शाई उचलून बाहेर येतो. वाळल्यावर बोट फिरवलं तर रेघ किंचित उठून आलेली जाणवते, आणि चित्राभोवती पत्र्याची कड कागदात दबलेली दिसते. शाळेत आम्ही बटाट्याचे आणि लिनोचे ठसे करतो, त्यात उंच राहिलेला भाग छापतो, खोदलेला पांढरा राहतो. इथं सगळं उलट : खोदलेलं छापतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढं एका मोठ्या ग्रंथाची यानंच फजिती केली.

१४६० आणि ७० च्या दशकांत फ्लॉरेन्समध्ये निघालेली सुरुवातीची छापचित्रं पाहिली की सोनाराचा हात लगेच ओळखू येतो. जागा मोकळी सोडायची नाही, हा सोनाराचा धर्म. बारीक-बारीक रेघांच्या आडव्यातिडव्या जाळ्या, कपड्यांवर नक्षी, केसांच्या बटा तारेसारख्या. याला जाणकार 'बारीक शैली' म्हणतात. बाच्चो बाल्दिनी हा तिथला नामांकित कोरणारा, तोही सोनारच. त्याच वेळी दुसरी 'रुंद शैली' आली. तिच्यात लांब समांतर तिरक्या रेघांनी सावली करत, म्हणजे चित्रकार बोरूनं कागदावर रेखाटताना करतो तशी. मला या दोहोंतली पहिली जास्त जवळची वाटते, पण कलेच्या दृष्टीनं पुढची वाट दुसरीनं काढली, हे मान्य करायला हवं. पहिली दागिन्याची नक्कल करत होती, दुसरी चित्रकाराच्या हाताची.

आता ती फजिती. १४७७ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका छापखान्यानं 'मोन्ते सान्तो दि दिओ' या धार्मिक पुस्तकात तांब्यावर कोरलेली तीन चित्रं घातली. इटलीत असं पहिल्यांदाच झालं. त्याच छापखान्यानं चार वर्षांनी, १४८१ मध्ये, दान्तेचं महाकाव्य सटीक काढायला घेतलं. प्रत्येक सर्गाला एक चित्र. कल्पना चित्रकार बोत्तिचेल्लीची, कोरीव काम बाल्दिनीचं मानलं जातं. थाट मोठा होता. अडचण अशी की खिळ्यांची अक्षरं उंच भागानं छापतात आणि तांब्याचा पत्रा खोल भागानं. एकाच दाबात दोन्ही निघत नाहीत. आधी मजकूर छापायचा, मग तेच पान पुन्हा ओलं करून रुळांखाली घालायचं, आणि चित्र नेमक्या मोकळ्या जागेत बसलं पाहिजे. दोन-तीन सर्गांनंतर छापणाऱ्यांनी हाय खाल्ली. पुढची चित्रं वेगळ्या कागदांवर छापून कापून चिकटवली गेली, बऱ्याच प्रतींत तीही नाहीत. शंभर सर्गांच्या ग्रंथाला एकूण एकोणीसच पत्रे तयार झाले. आजही त्या ग्रंथाच्या बहुतेक प्रतींत सर्गाच्या सुरुवातीला रिकामी जागा तशीच पडून आहे.

माझ्या मते या फजितीनं छापचित्राचं भलंच केलं. पुस्तकात जागा मिळाली असती तर ते मजकुराचं चाकर होऊन राहिलं असतं. तिथं जमेना, म्हणून ते सुट्या कागदावर, स्वतःच्या पायांवर उभं राहिलं. हौशी माणसं घेऊन जपू लागली, दुसरे कारागीर नमुन्यासाठी विकत घेऊ लागले.

या सुट्या चित्रांत एक असं आहे की ते पाहिल्यावर आधीची सगळी वेलबुट्टी विसरायला होतं. आन्तोनिओ देल पोलायुओलो. बाप कोंबड्या विकायचा, मुलगा सोनारकाम शिकला, मग शिल्पकार झाला, चित्रकार झाला. तांब्याचा पत्रा त्यानं, आपल्याला माहीत आहे तेवढ्यात, एकदाच कोरला : 'नग्न पुरुषांची लढाई', १४७० च्या आगंमागं. मोठा पत्रा, सुमारे ४२ बाय ६० सेंटिमीटर. दहा उघडे पुरुष, हातात तलवारी, कुऱ्हाडी, धनुष्य, खंजीर. मधल्या दोघांनी एकाच साखळीची दोन टोकं धरली आहेत आणि दुसऱ्या हातातली शस्त्रं उगारलेली आहेत. मागं ज्वारीच्या ताटांसारखं दाट पीक आणि झाडी. लढाई कोणाची, कशासाठी, यावर विद्वानांची लढाई अजून चालू आहे. मला वाटतं, पोलायुओलोला कथा सांगायचीच नव्हती. त्याला पाठ, मांडी, पोटरी, खांदा दाखवायचा होता. तोही समोरून, मागून, ताणलेला, पिळलेला. एकाच माणसाला फिरवून दोन बाजूंनी काढल्यासारख्या जोड्या चित्रात आहेत.

ती स्नायूंची भाषा त्यानं रेघेतून कशी आणली, ते बघण्यासारखं आहे. क्लीव्हलंडच्या संग्रहालयानं आपल्याकडच्या प्रतीचं मोठं छायाचित्र सर्वांना खुलं ठेवलंय. नायगावात बसून मोबाइलवर दोन बोटांनी ताणून ताणून मी ते बघतो. अंगाची बाहेरची कड एकाच ठाम रेघेनं बांधलेली. आत समांतर रेघांच्या ओळी, आणि त्या ओळींच्या मधून किंचित वेगळ्या कोनातल्या हलक्या रेघा परत फिरलेल्या, जणू कलम न उचलता मागं आलंय. त्या परतीच्या रेघांमुळं सावलीला कडकपणा राहत नाही, मांस मऊ दिसतं. सोनाराच्या जाळीला हे जमत नव्हतं. क्लीव्हलंडची प्रत पत्रा ताजा असतानाची आहे आणि तशी ती जगात एकटीच आहे. बाकी साऱ्या, पन्नासेक, पत्रा झिजून दुरुस्त केल्यानंतरच्या. तांबं मऊ असतं. दर छपाईला चर थोडी बुजते. म्हणून छापचित्रात कितवी प्रत यालाही किंमत आली. दागिन्याच्या जगात ही गोष्टच नाही.

आणि डावीकडं झाडाला टांगलेली पाटी. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की ही फ्लॉरेन्सच्या आन्तोनिओ पोलायुओलोची कृती आहे. इटलीतल्या छापचित्रावर कलाकारानं आपलं पूर्ण नाव घातल्याचं हे पहिलं उदाहरण. आप्पांनी आयुष्यभर भांड्यांवर आणि डब्यांवर नावं कोरली, सगळी गिऱ्हाइकांची.

सही आली की मालकी येते, आणि मालकी आली की मारामारी. ती बघायला मान्तुआला जावं लागतं. तिथं गोंझागा घराण्याच्या दरबारात आंद्रेआ मान्तेन्या हा चित्रकार १४६० पासून होता. रोमन शिल्पांचं वेड असलेला, दगडासारखी कणखर माणसं रंगवणारा, स्वभावानंही तसाच. त्याच्या नावावर परंपरेनं सात छापचित्रं आहेत. त्यांतलं 'समुद्रदेवांचं युद्ध' दोन पत्र्यांवर आहे, शेजारी-शेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं. डाव्या बाजूला वाळलेल्या अंगाची एक म्हातारी हातात पाटी घेऊन ओरडते आहे. पाटीवर मत्सर असं लिहिलंय. सगळे तिच्या तालावर एकमेकांना मासे आणि हाडं घेऊन बडवताहेत.

मत्सराचं चित्र काढणाऱ्या या माणसाबद्दल एक अर्ज शिल्लक आहे. १५ सप्टेंबर १४७५ ला सिमोने दि आर्दित्सोने या चित्रकार-कोरणाऱ्यानं मान्तुआच्या सरकारांना लिहिला. तो म्हणतो : मी मान्तुआत आलो तेव्हा मान्तेन्यानं मला काम देऊ केलं. पण झोआन आंद्रेआ हा माझा जुना दोस्त; त्याच्याकडची छापचित्रं, रेखाटनं आणि पदकं चोरीला गेली होती. ती परत कोरून द्यायला मी त्याच्याकडं बसलो. हे कळताच मान्तेन्यानं दोघांना धमक्या दिल्या. एका संध्याकाळी दहाहून जास्त हत्यारबंद माणसं आमच्या अंगावर घातली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा माझ्यावर अब्रू घेणारा आणि जबर शिक्षेचा आरोप ठेवायला लावला. जिवाच्या भीतीनं मी व्हेरोनाला पळालो.

मान्तेन्याची बाजू आपल्यापाशी नाही. पण त्याच वर्षाच्या ५ एप्रिलचा एक करार अलीकडच्या काळात दप्तरांतून सापडला आहे. त्यात जान मार्को काव्हाल्ली नावाचा सोनार मान्तेन्याच्या रेखाटनांवरून तांब्याचे पत्रे कोरून द्यायचं कबूल करतो, आणि रेखाटनं कोणाला दाखवणार नाही, हेही. म्हणजे भांडण काय होतं, ते स्पष्ट होतं. छापचित्राचा पत्रा हातात असणं म्हणजे त्या चित्राच्या शेकडो प्रती हातात असणं. फळीवरचं चित्र विकलं की गेलं. पत्रा घरात राहतो आणि पैसे देत राहतो. या करारानं विद्वानांची मोठी पंचाईत केली, कारण मान्तेन्या स्वतः कोरत होता हेच मुळात डळमळलं. मला त्यात पंचाईत दिसत नाही. नक्षी एकाची, कलम दुसऱ्याचं, ही सराफ्यातली रोजची गोष्ट आहे.

मान्तेन्याची छापचित्रं आल्प्स ओलांडून गेली. १४९४ मध्ये न्युरेम्बर्गचा तरुण आल्ब्रेख्त ड्यूरर त्यांतली दोन समोर ठेवून बोरूनं रेघ-न्-रेघ गिरवत होता. 'समुद्रदेवांचं युद्ध' त्यांतलंच एक. ड्यूररचा बापही सोनार. पुढं हाच ड्यूरर या कलेत साऱ्या युरोपचा गुरू झाला आणि उधारी उलटी फिरली : बोलोन्याकडचा, फ्रान्चेस्को फ्रान्चा या सोनार-चित्रकाराच्या हाताखाली तयार झालेला मार्कान्तोनिओ राइमोन्दी व्हेनिसमध्ये ड्यूररची लाकडी ठशांवरची चित्रं तांब्यावर कोरून विकू लागला, ड्यूररच्या सहीच्या खुणेसकट. वाझारी सांगतो की ड्यूरर तक्रार घेऊन व्हेनिसच्या सरकारकडं गेला. निकाल काय, तर खूण घालू नको. चित्र गिरवलं तर चालेल!

राइमोन्दी १५१० च्या सुमारास रोमला आला आणि चित्रकार राफाएलला भेटला. इथून छापचित्राचा धंदा बसला म्हणायला हरकत नाही. राफाएल रेखाटनं देई, राइमोन्दी कोरी, आणि छपाई-विक्री पाहायला वेगळा माणूस. 'बालकांची कत्तल' या चित्रात कल्पना राफाएलची असं लिहून राइमोन्दीनं शेजारी स्वतःची आद्याक्षरं घातली. त्याच्या हातात रेघेचं व्याकरण पक्कं झालं : गोलाईला वळसा घालणारी रेघ, सावलीत तिला छेदणारी दुसरी, दाट-विरळ ठरावीक. ते इतकं पक्कं झालं की शिकवता येऊ लागलं. चित्र रोममध्ये आणि ते बघणारा फ्लँडर्समध्ये, हे त्यामुळं शक्य झालं. इटलीतले कुंभार मातीच्या ताटल्यांवर याच छापांवरून राफाएलच्या आकृत्या रंगवत होते. साडेतीनशे वर्षांनी, १८६३ मध्ये, एदुआर माने यानं पॅरिसमध्ये ज्या चित्रानं गहजब उडवला, त्यातल्या गवतावर बसलेल्या तिघांची बैठक राइमोन्दीच्या 'पॅरिसचा निवाडा' (हा पॅरिस ग्रीक कथेतला राजपुत्र) या छापचित्राच्या कोपऱ्यातून घेतलेली आहे. राइमोन्दीला स्वतःला मात्र शेवट चांगला आला नाही. १५२४ मध्ये उघड्या शृंगाराची चित्रं कोरल्याबद्दल पोप सातव्या क्लेमेंटनं त्याला तुरुंगात घातलं, आणि १५२७ मध्ये रोमची लूट झाली तेव्हा खंडणी भरून तो सुटला तो कफल्लक होऊनच.

राइमोन्दीपाशी काहीतरी हरवलंही. पोलायुओलोची रेघ चाचपडते, चुकते, शोधते. राइमोन्दीची कधीच चुकत नाही. यापुढं बुरिनवाला बहुतेक वेळा दुसऱ्याचं चित्र नीट उतरवणारा झाला.

याच काळात आपल्याकडं काय होतं? तांबं होतं, कलम होतं, हात होता. आमच्या शेजारचं कंधार राष्ट्रकूटांचं गाव, आणि राष्ट्रकूटांचे ताम्रपट साऱ्या दख्खनभर सापडले आहेत. कोल्हापूरकडच्या सामानगडचा दंतिदुर्गाचा ताम्रपट ७५४ सालचा आहे, मासोच्या सातशे वर्षं आधीचा. जाड पत्रे, कडीत ओवलेले, कडीवर राजमुद्रा. शेवटी बऱ्याचदा मजकूर रचणाऱ्याचं आणि कोरणाऱ्याचंही नाव. मुसलमानी अमदानीत दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात हातकागद होऊ लागला, म्हणजे कागदही आला. पण ताम्रपटाची दुसरी प्रत निघावी, असं कोणालाच वाटत नव्हतं. तो चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकायचा दस्त. एकच असणं हीच त्याची ताकद, नक्कल म्हणजे बनावट. अक्षरंही सुलटी कोरलेली, थेट वाचायची. छापायचं तर ती उलटी कोरावी लागतात. युरोपातली छापचित्रं आपल्या देशात पोचली तीही आयती. १५८० मध्ये जेझुइट पाद्र्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं बायबल नजर केलं. तेरा वर्षांच्या अबुल हसननं १६०० च्या सुमारास ड्यूररच्या छापचित्रातला सेंट जॉन हुबेहूब उतरवला. पण कुंचल्यानं. बादशहाच्या चित्रशाळेला एकाच बादशहाचं गिऱ्हाईक होतं, तिला शंभर प्रती कशाला?

मराठी मुलखात कोरलेल्या तांब्यावरून छापायची गरज पडली ती पेशवाईच्या अखेरीला, आणि तीही पोथीसाठी. चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ पासून पुण्यात होता. त्याच्या पुढाकारानं आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या देखरेखीखाली शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथं तयार झालेला गंगाराम चिंतामण तांबट यानं वेरूळ आणि कार्ल्याची लेणी रेखाटली. वेल्सही वेरूळला राबला आणि १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं लंडनमध्ये १८०३ साली वेरूळच्या चोवीस दृश्यांचा ग्रंथ काढला, तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेला. मराठवाड्यातलं लेणं तांब्यावर चढलं ते असं, लंडनमधून.

पुण्यातच इंग्रजांच्या संगतीत एक तांबट पत्रे कोरून छापायला शिकला होता. नाना फडणवीसांच्या मनात आलं की या रीतीनं भगवद्गीता छापून ब्राह्मणांना वाटावी. काम पुरं व्हायच्या आत, मार्च १८०० मध्ये नाना गेले. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि तिथं १८०५ मध्ये गीता छापून पुरी झाली. गोव्यात खिळ्यांचा छापखाना १५५६ पासून होता, तंजावरला सरफोजीराजांचा नुकताच उभा राहिला होता. मिरजेच्या तांबटानं मात्र अख्खी गीता कलमानं कोरली.

ही वाट पुढं चालली नाही. वीस-पंचवीस वर्षांत मुंबई-पुण्यात शिळाछाप आला. दगडावर विशेष शाईनं, बोरूनं लिहिलं की पोथी छापून निघे; कोरायला नको, कलम नको, महिनोन् महिने डोळे फोडायला नकोत. लेखनिकाचं वळणदार अक्षर जसंच्या तसं उतरे आणि खर्च कमी. आमच्या घरातली पांडवप्रताप आणि शिवलीलामृताची जुनी पुस्तकं शिळाछापाचीच आहेत. तांबट हंडे-घागरींकडं वळले, सोनार करंड्यांकडं.